नावाडीण माल्वेच्या बाजूने

आमच्या गावात राइनहिल्डे बाटेन्सबद्दल बोलताना लोक शेवटी एक वाक्य हमखास जोडतात. "बाई चांगली आहे, पण त्या खेळाचं जरा अतीच करते." हे वाक्य मी बेकरीत ऐकलं आहे, डॉक्टरांच्या बाकावर ऐकलं आहे, चर्चच्या पायऱ्यांवर तर दोनदा ऐकलं आहे, आणि दर वेळी माझं डोकं तापतं. ज्यांचे नवरे रविवारी टीव्हीवर सायकलशर्यत बघताना खुर्चीचे हात उपटून काढतात, आपला माणूस हरला की दोन दिवस जेवत नाहीत, त्यांनी राइनहिल्डेला हे म्हणावं?

राइनहिल्डे बेल्जियममधल्या आमच्या तेमसे गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसते. वय सत्तावन्न, लग्न केलेलं नाही, स्खेल्डे नदीच्या धक्क्याजवळ जुन्या औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. आवाज मोठा, हात उबदार. मी आणि माझी मैत्रीण जॉर्जेट, आम्ही दोघी विधवा, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पाण्यातल्या व्यायामाला जातो. आमची ओळख तिथलीच. व्यायाम झाला की आम्ही ओल्या केसांनी तिच्या खिडकीपाशी कॉफी पीत उभ्या राहतो आणि ती आम्हाला 'धुक्याचा किनारा' सांगते.

'धुक्याचा किनारा' हा संगणकावरचा खेळ आहे. हजारो माणसं आपापल्या घरी बसून तो एकाच वेळी खेळतात. प्रत्येकाचं त्यात एक सोंग असतं, कुणी शिकारी, कुणी वैदू, कुणी लोहार. त्याला एक लांबलचक कथा आहे, राजे, वेढे, जादू आणि पुष्कळ पाऊस. ती कथा संपलेली नाही. हॉलंडमधली एक कंपनी दर सात-आठ महिन्यांनी तिचा पुढचा अध्याय देते. मधल्या काळात लोक काय करतात? भांडतात. पुढे कोण जगणार, कोण मरणार, कोण कुणाचा मुलगा निघणार, यावर इंटरनेटच्या चर्चेत पानंच्या पानं लिहितात. राइनहिल्डे यात वीस वर्षं आहे. तिचं सोंग म्हणजे एक विणकरीण. त्या किनाऱ्यावर तिने एक घरही बांधलं आहे, मागे गाजराच्या वाफ्यांची बाग आहे. तिच्या फोनवरच्या चित्रात मी पाहिली आहे. गाजरं चांगली येतात.

तिचा सगळा जीव मात्र एका नावाडणीत अडकला होता. तिचं नाव माल्वे.

"काय गं पोरी, सापडली का तुझी नावाडीण?" जॉर्जेट टॉवेलने कान पुसत विचारायची.

"नाही अजून, मादाम."

"गेली असेल कुणाचा तरी हात धरून. मी तर कधीच गेले असते."

"तुम्हाला कोण नेणार? तुमच्या सामानालाच दोन होड्या लागतील."

प्रकरण असं होतं. तीनेक वर्षांपूर्वीच्या एका अध्यायात नदीकाठची एक गढी पडते. शत्रूचे सैनिक रात्री कुणाच्या तरी होडीतून नदी ओलांडून येतात आणि मागचा दरवाजा उघडतात. सकाळी गढीतली माणसं कापलेली असतात आणि माल्वे गायब असते. होडी तिची, नदी तिच्या रोजच्या पायाखालची, तेव्हा गद्दार तीच. गढीचा कारभारी चौकात उभा राहून तसं जाहीर करतो आणि त्या दिवसापासून खेळातली सगळी पात्रं माल्वेच्या नावाने थुंकतात. म्हणजे अक्षरशः थुंकतात. तिचं नाव काढलं की मान वळवून थुंकायचं, असं कंपनीने त्यांना करून ठेवलं आहे.

खेळणाऱ्यांनीही ते मानलं. राइनहिल्डेने मानलं नाही, कारण तिला भिकारी भेटला होता.

गढीच्या धक्क्यावर एक भिकारी बसलेला असतो. त्याच्याशी बोललं की तो भीक मागतो. पुन्हा बोललं तर घाणेरडी शिवी देतो. तिथून सगळे निघून जातात. राइनहिल्डे तिसऱ्यांदा बोलली. तेव्हा तो म्हणाला, "त्या रात्री मी तिच्या होडीत झोपलो होतो. पहाटे तिनेच मला उठवलं आणि पाव दिला."

"शिवी दिल्यावर कशाला पुन्हा गेलीस त्या मेल्याकडे?" जॉर्जेटने विचारलं.

"मादाम, या खिडकीवर मला रोज कुणीतरी शिव्या देतं. शिव्या देऊन झाल्या की मगच माणूस खरं काय झालंय ते बोलतो. बायको सोडून गेली, गुडघा दुखतो, काहीतरी असतंच. शिवीपाशी थांबलं तर कळणार कसं?"

मग तिने तो तर्क चर्चेत मांडला. होडीत माणूस झोपला असेल, तर होडी रात्रभर धक्क्याला बांधलेली होती. मग सैनिक माल्वेच्या होडीतून आले नाहीत. मग कारभारी खोटं बोलतो आहे, आणि खोटं बोलायचं कारण फक्त त्यालाच असू शकतं. पहिल्या आठवड्यात लोकांनी तिला वेड्यात काढलं. भिकाऱ्याचं काय ऐकतेस, दारुडा आहे तो, असं लिहिलं. मग एकेकाने धक्क्यावर जाऊन तीनदा बोलून पाहिलं. कुणाला कारभाऱ्याच्या बुटांवरचा नदीचा चिखल दिसला. कुणाला कोठारातली जास्तीची वल्ही दिसली. वर्षभरात निम्मी चर्चा राइनहिल्डेच्या बाजूची झाली. लोक त्याला 'होडीत झोपलेल्याचा तर्क' म्हणू लागले. ती हे सांगताना लाजायची आणि लगेच कुणाच्या तरी लॉकरची चावी शोधायला लागायची.

मला स्वतःला त्या राजेलोकांत काही रस नाही. पण आम्हाला शिकवणाऱ्या नन्सनी एक सवय लावली होती. धडा वाचताना सिस्टर लुडोविका विचारायची, "हे तुला कुणी सांगितलं? पुस्तकाने की तुझ्या शेजारणीने?" राइनहिल्डेने पुस्तकाला विचारलं होतं. माझ्या लेखी ती वर्गात पहिली आली होती.

आता एक गोष्ट, जी तेमसेत कुणी मोठ्याने बोलत नाही. मी पंच्याऐंशीची आहे, मला कुणाची भीती नाही, म्हणून लिहिते.

राइनहिल्डेची आजी, लिओनी बाटेन्स, धुणी धुवायची. दुसऱ्या महायुद्धात शाळेच्या इमारतीत जर्मन अधिकारी उतरले होते. त्यांचे सदरे लिओनीने धुतले, कारण धुवायला सांगितले होते आणि घरात चार तोंडं होती. त्याच सुमारास जर्मनांविरुद्ध छुपं काम करणारी दोन मुलं पकडली गेली, कुणीतरी चुगली केली होती. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात जर्मन गेले आणि गावाला गद्दार हवे झाले. लिओनीला बाजारचौकात खुर्चीवर बसवून तिचं डोकं भादरलं. माझ्या आईने आमच्या खिडकीची दारं लावून घेतली होती, पण आवाज येत होता. लोक हसत होते. चुगली दुसऱ्याच माणसाने केली होती, हे पुढे कोर्टात निघालं. कागदोपत्री लिओनी सुटली. पण ज्या चौकात तिला खुर्चीवर बसवलं, त्या चौकात उभं राहून "आमचं चुकलं" असं म्हणायला एकही माणूस गेला नाही. ती पुढे वीस वर्षं जगली आणि मरेपर्यंत बाजाराला वळसा घालून चालली. बाटेन्स हे आडनाव घेतलं की अजूनही काही घरांत क्षणभर कुणी बोलत नाही.

मी एकदा राइनहिल्डेला म्हटलं, "तुझ्या आजीमुळे तुला माल्वेची एवढी काळजी का?"

"छे हो, मादाम इर्मा," ती म्हणाली. "माल्वे म्हणजे चित्र आहे. त्यात आजी कुठे आली?" आणि तिने कॉफीच्या कपातली साखर नको तेवढी ढवळली.

मी पुन्हा विचारलं नाही. पण पुढचा अध्याय माल्वेचा असणार अशी घोषणा झाली, तेव्हा तिने त्याच दिवशी सुट्टीचा अर्ज देऊन टाकला. तिला एवढंच हवं होतं. कुणीतरी एकदा चौकात उभं राहून म्हणावं, की हिने नेलं नव्हतं.

अध्यायाच्या आधी कंपनीने सीमेपलीकडे हॉलंडमधल्या ब्रेडा शहरात खेळणाऱ्यांचा मेळावा ठेवला. आमच्या भागातल्या खेळणाऱ्यांचं एक मंडळ आहे, विल्फ्रीड नावाचा निवृत्त भूमापक त्याचा प्रमुख. सरळ माणूस, पण मेळाव्याला लोकरीची जादूगाराची झूल घालून जातो. त्याच्या गाडीत राइनहिल्डे पुढे बसली आणि मागे आम्ही दोघी. मी राइनहिल्डेसाठी गेले. जॉर्जेट म्हणाली, तिला चिलखतातले पुरुष बघायचे आहेत.

"झूल दारात अडकेल, विल्फ्रीड," तिने गाडीतून उतरताना सांगितलं.

"ती माझ्या बायकोने शिवलीय, मादाम."

"म्हणूनच म्हणते, सांभाळ."

सभागृह गच्च भरलं होतं. कॉफी मिळाली, सोबत प्रत्येकी एक बिस्किट, आणि डच बाईने लगेच डब्याचं झाकण लावलं. मग मंचावर कंपनीचा मुख्य कथालेखक आला. येल्मर असं त्याचं नाव. चाळिशीचा, पांढरे बूट, कानाला लावलेला माइक. हसतमुख. लोक त्याला बघून उभे राहिले. कुणीतरी ओरडून विचारलं, "माल्वेचं काय?"

तो हसला. म्हणाला, "हा प्रश्न येणारच होता. आता सांगून टाकतो. मूळ आराखड्यात माल्वे निर्दोषच होती. कारभाऱ्यानेच सगळं केलं होतं. पण तुम्ही मंडळींनी ते दोन वर्षं आधीच ओळखून ठेवलंत! आम्हाला काय मजा राहिली? सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगून आम्ही काय करायचं? म्हणून आम्ही बदललं. गद्दार माल्वेच. आता बसा ओळखत!"

टाळ्या. शिट्ट्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक तरुण तर खुर्चीवर चढला.

राइनहिल्डे उभी राहिली. प्रश्नांसाठी माइक फिरवणारी मुलगी तिच्याजवळ आली.

"म्हणजे ती निर्दोष होती हे तुम्हाला माहीत होतं," राइनहिल्डे म्हणाली.

"हो. मीच तसं लिहिलं होतं."

"आणि आता ती दोषी आहे."

"बरोबर."

"मधल्या काळात तिने काय केलं?"

त्याला प्रश्न कळला नाही. "कुणी?"

"माल्वेने. कालपर्यंत ती निर्दोष होती. आज दोषी. तिने काय केलं?"

"बाई, ती खरी नाहीये," येल्मर म्हणाला. लोक हसले.

"मग तिच्यावर राग कशाला काढता?"

आता कमी लोक हसले. तो म्हणाला, राग वगैरे काही नाही, कथेत धक्का लागतो, लोकांना धक्का आवडतो. राइनहिल्डेने विचारलं, "आणि भिकारी? त्याने पाहिलंय. तो तिच्या होडीत झोपला होता."

"हां, तो भिकारी! तुम्हीच का त्या?" त्याने बोट दाखवलं, जणू जुनी ओळख निघाली. "तुम्ही आमची फार झोप उडवलीत. त्याचं वाक्य काल काढून टाकलं. आता तो दोनदाच बोलतो."

यावर सभागृह मनापासून हसलं. राइनहिल्डे खाली बसली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. जॉर्जेटने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि परत गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

मला ते हसू अजून सहन होत नाही. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते. एखाद्याने कोडं घातलं आणि दुसऱ्याने ते सोडवलं, तर घालणाऱ्याने खूश व्हायला हवं. आपलं लिहिलेलं कुणीतरी इतक्या बारकाईने, इतक्या मायेने वाचलं, याहून मोठं बक्षीस लिहिणाऱ्याला कोणतं? आणि या गृहस्थाला त्याचा अपमान वाटला. त्याला वाचक नको होते, फसणारे हवे होते. फसत नाहीत म्हटल्यावर त्याने जे खरं होतं ते खोटं केलं आणि साक्षीदाराची जीभ कापली. वर हसून सांगितलं. मी सातव्या वर्षापासून रोज दैनंदिनी लिहिते. कालचं पान मला आज आवडलं नाही, म्हणून मी ते खोडत नाही. मग आज नव्याने काय लिहायचं ते लिहिते. एवढी साधी शिस्त एका कंपनीला नसावी?

परतताना अँटवर्पच्या अलीकडे जॉर्जेट म्हणाली, "त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. मी सारखी बघत होते. पडला असता तर बरं झालं असतं."

विल्फ्रीड हसला. राइनहिल्डे हसली नाही.

अध्याय नोव्हेंबरात आला. त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर राइनहिल्डेने मला फोन करून बोलावलं. ती एरवी कुणाला घरी बोलावत नाही. संगणक खिडकीपाशी होता, बाहेर नदी राखाडी, पडद्यावर आणखी एक राखाडी नदी.

पडद्यावर चौक होता. मधोमध लाकडी फळ्यांचा ओटा, त्यावर दोरी, दोरीखाली माल्वे. मी तिला पहिल्यांदा बघत होते. आडव्या अंगाची, पन्नाशीची बाई, एका हाताला दोन बोटं कमी, केस कापलेले. हे केस कापण्याचं कुणाच्या डोक्यातून आलं असेल, देव जाणे. खेळणाऱ्यांची सोंगं भोवती उभी. पडद्याच्या तळाशी दोन चौकटी होत्या. एकीवर लिहिलं होतं 'दगड मार'. दुसरीवर 'मान वळव'. दोन्हीपैकी एक दाबली की फाशी होते आणि कथा पुढे सरकते.

"काहीच करायचं नसेल तर?" मी विचारलं.

"तशी चौकट नाही."

"आणि वर जाऊन तिला सोडवायचं असेल तर?"

"ओट्याभोवती भिंत घातलीय. दिसत नाही, पण आहे. मी सगळीकडून जाऊन पाहिलं." तिने कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले. "मी दाबणार नाही, मादाम इर्मा."

"मग काय होईल?"

"काही नाही. माझी कथा इथेच थांबेल. पुढचा प्रदेश उघडणार नाही. घरी जाता येणार नाही, रस्ता पुढून आहे. गाजरं वाळतील."

"आणि तिचं?"

"मी दाबलं नाही तोवर माझ्याकडे ती उभी आहे."

ती खरंच थांबली. रोज संध्याकाळी कामावरून आली की खेळ उघडायची आणि आपल्या विणकरणीला त्या चौकात तासभर उभी ठेवायची. इतरांची सोंगं यायची, काहीतरी दाबायची, नाहीशी व्हायची. ती जागची हलायची नाही. जवळ गेलं की माल्वे एकच वाक्य बोलते, "पाणी आहे का?" विणकरणीच्या पिशवीत पाणी होतं. ते द्यायची सोय नव्हती. हेही मी लक्षात ठेवलं आहे. तिला तहान लावायला कंपनीला वेळ मिळाला, पाणी द्यायची सोय करायला मिळाला नाही.

एकदा कुणीतरी तिथे लिहून विचारलं, "तुमचं अडकलंय का?"

तिने उत्तर दिलं, "नाही. मी उभी आहे."

विचारणाराही मग दाबायचा थांबला. नाताळापर्यंत त्या चौकात न दाबणाऱ्यांची बऱ्यापैकी गर्दी झाली होती. कुणी पोर्तुगालमधलं, कुणी हॉलंडमधल्या लेइडनची शिक्षिका. ते एकमेकांशी फारसं बोलत नसत. नुसते उभे राहत, मयताच्या घरी उभं राहावं तसे. फक्त इथे अजून कुणी गेलेलं नव्हतं.

विल्फ्रीडच्या मंडळाची एक रीत आहे. आमच्याकडे अंत्यविधीला चर्चमध्ये लोक रांगेने पुढे जातात आणि गेलेल्याच्या नावाचं छोटं छापील कार्ड घेतात, मग सूप, पिस्तोले पाव आणि कॉफी होते. खेळातलं कुणी मेलं की मंडळही तसं करतं. कॅफेच्या मागच्या खोलीत कार्ड वाटतात, कॉफी पितात, त्या पात्राच्या आठवणी काढतात. सुरुवात थट्टेत झाली होती, आता गंभीरपणे करतात. यात मला वावगं वाटत नाही. जानेवारीत त्यांनी माल्वेची कॉफी ठेवली. राइनहिल्डे येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती आली, आम्हाला दोघींना घेऊन आली, आणि कोट न काढता दाराशी उभी राहिली.

विल्फ्रीड कार्ड घेऊन पुढे आला. "घे. तुझ्यासाठी मी दोन बाजूला ठेवली होती."

"कोण गेलं?" राइनहिल्डेने विचारलं.

"असं करू नकोस, राइनहिल्डे."

"कोण गेलं ते सांग. कार्ड हातात घेतलं की माणूस गेला. माझ्याकडे ती जिवंत आहे."

टेबलावरून एकजण म्हणाला, "अगं, कथा कंपनीची आहे. ते म्हणतील ते खरं."

जॉर्जेट त्याच्याकडे वळली. "तुझं लग्न लावताना पण हेच म्हणालास का रे, सासरे म्हणतील ते खरं? आणि मग घर कुणाच्या नावावर झालं?" खोली हसली, तो चिडला, सूप कुणीतरी सांडलं.

विल्फ्रीड हळू आवाजात म्हणाला, "मी कार्डावर गद्दार लिहिलेलं नाही. बघ. 'नावाडीण' एवढंच लिहिलंय."

राइनहिल्डेने कार्ड वाचलं. "मग तुलाही ठाऊक आहे," ती म्हणाली.

तिने कार्ड त्याच्या हातात परत दिलं, ते नीट सरळ करून दिलं, आणि आम्ही बाहेर आलो. मागून कुणीतरी ते वाक्य म्हटलंच. जरा अतीच करते. मी परत जाऊन त्याला सांगणार होते की अती कशाला म्हणतात, पण जॉर्जेटने माझी बाही धरली.

त्यानंतर कंपनीचं सूचनापत्र आलं. राइनहिल्डेने ते छापून तलावावर आणलं आणि खिडकीच्या काचेवर धरून आम्हाला दाखवलं. भाषा अशी गोड की दात दुखावेत. काही प्रिय खेळाडू चौकात अडकल्याचं कंपनीच्या लक्षात आलं आहे. सर्वांचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून येत्या एक तारखेपासून अशा खेळाडूंना आपोआप पुढे नेण्यात येईल. त्यांनी पहिला पर्याय निवडला असं धरण्यात येईल.

"पहिला पर्याय कोणता?" जॉर्जेटने विचारलं.

"दगड मार," राइनहिल्डे म्हणाली.

मागे कुणीतरी तिकिटासाठी घसा खाकरत होतं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ निर्लज्ज कागद पाहिले आहेत, नवऱ्याच्या आजारपणात विमा कंपनीचेही पाहिले. पण ज्या माणसाने दगड मारायला नकार दिला, त्याच्या नावावर दगड लिहून टाकायचा आणि त्याला सोय म्हणायचं, असा कागद पाहिला नव्हता.

"तक्रार कर, पोरी," जॉर्जेट म्हणाली. "कडक लिही."

"लिहिलं. अभिप्रायाबद्दल आभार मानलेत."

"मग आता?"

"एक तारखेच्या आत निघायचं," राइनहिल्डे म्हणाली. "खातंच बंद करायचं. खातं नसेल तर माझ्या हातून कुणाला मारवणार?"

मला त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. खातं बंद म्हणजे वीस वर्षं पुसली जाणार. घर, बाग, विणकरीण, तिने विणलेले सगळे गालिचे, रात्रपाळीच्या नर्सपासून मासेमारांपर्यंत जोडलेली माणसं. तिला नवरा नाही, मूल नाही. संध्याकाळी सहा ते नऊ ती तिथे राहत होती. मी म्हटलं, "नीट विचार कर. मंडळातले म्हणतील, कंपनीला जिंकू दिलंस."

"त्यांना म्हणू द्या."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. तिने घर झाडून ठेवलं होतं, जणू पाहुणे येणार होते. चौकात नेहमीचे लोक होते, आणि बरेचसे तिच्यासारखेच निघायच्या तयारीत. एकेक सोंग विझल्यासारखं होऊन जात होतं. लेइडनच्या शिक्षिकेने जाण्याआधी लिहिलं, "भेटलो ते बरं झालं." राइनहिल्डेने विणकरणीला ओट्याच्या अदृश्य भिंतीपर्यंत नेलं. माल्वे म्हणाली, "पाणी आहे का?" राइनहिल्डेने क्षणभर पडद्यावर हात ठेवला आणि मग खातं बंद करायचं पान उघडलं.

पानावर कारण विचारलं होतं. वेळ मिळत नाही. खेळ महाग आहे. कंटाळा आला. दुसरा खेळ आवडला. यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. अगदी खाली 'इतर' होतं, आणि त्यापुढे एक छोटी चौकट.

राइनहिल्डेने चष्मा लावला आणि दोन बोटांनी टाइप केलं. "माल्वेने त्या रात्री कुणालाही नदीपार नेलं नाही."

त्याखाली तिने आणखी काही लिहिलं. खेळात सगळे टोपणनावं लावतात, तिचंही होतं, वीस वर्षं तिथे तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. ते तिने लिहिलं नाही. तिने लिहिलं, 'राइनहिल्डे बाटेन्स, तेमसे.'

"अगं, आडनाव आणि गाव कशाला?" जॉर्जेट म्हणाली. "त्यांना काय करायचंय? कुणी वाचणारसुद्धा नाही."

"नाही वाचणार," राइनहिल्डे म्हणाली. "पण सही तर करायला हवी." आणि तिने बटण दाबलं.